आठवा गडी

ब्रह्मदेशच्या आघाडीवर आमचा सेक्शन बांबूच्या एका टेकडीवर पोस्टिंगला होता. मी नाईक. हाताखाली आठ जवान. आठवा शिपाई मारोती, मानवतजवळच्या धनगरवस्तीतला. शाळेत आम्ही एकाच खो-खोच्या संघात होतो.

आम्हाला घडवलं ते शाळेच्या ड्रिलमास्तरांनी, करीम मास्तरांनी. पुढे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. शाळा सोडवू नका म्हणून ते माझ्या बापाशी तीनदा भांडले होते, म्हणून. मैदानावर त्यांचा एकच कायदा. "पीठ पे हात पड़े बगर उठना नक्को!" रांगेत एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. खो मिळायच्या आधी उठला तो आठवडाभर बाहेर. मारोती कधीच उठला नाही. एकदा पायावरून विंचू गेला, तरी बसून राहिला. आम्ही चिडवायचो, "मारोत्या, बुड चिकटलं का रं?"

"तू खो तर दे, मंग बघ," तो म्हणायचा.

आघाडीवर मी तोच कायदा लावला. पायवाटेच्या कडेला जवान रांगेत, एकाआड एक उलट तोंडं. बोलायचं नाही. पाठीवर हात पडला की निघायचं. सुभेदारसाहेबांनी शाबासकी दिली. मला लय अभिमान वाटला.

त्या दिवशी दुपारी तीनला फील्ड टेलिफोन वाजला.

"नाईक, विथड्रॉ. फौरन."

"विथड्रॉ, साहब."

मी उजवीकडून सुरुवात केली. सातव्याच्या पाठीवर हात ठेवला आणि जवळच मॉर्टरचा गोळा पडला. मारोती आठ पावलांवर होता, तोंड पलीकडे. मला वाटलं, सगळे निघालेत, तोही निघेल. मी पळालो.

नाल्यात मोजणी केली. सात. वर एकच रायफल चालू होती.

"साहब, मारोती राहिला."

"कोणी परत जाणार नाही," सुभेदारसाहेब म्हणाले.

चार वाजता रायफल थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेकडी परत घेतली. तो त्याच जागी होता. पाऊचमध्ये एकही राउंड शिल्लक नव्हता.

लढाई संपल्यावर मानवतला मास्तरांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"तू हात लगाया था?"

"नाही, मास्तर."

"फिर वो कैसा उठता?"

चहा तसाच राहिला. मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले नाहीत. त्यानंतर त्यांनी खो-खो शिकवणं सोडलं, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

रेकॉर्डमध्ये शिपाई मारोतीच्या नावापुढे 'किल्ड इन ॲक्शन' आहे. खोटं नाही ते. पण तो माझ्या हाताची वाट बघत बसला होता, हे तिथे कुणी लिहिलेलं नाही.

आठ पावलं होती. शाळेच्या मैदानावर तेवढं अंतर मी डोळे मिटून तोडायचो.