आमच्या कप्तानला पाडणारी

मी तशी तापट. शिट्टीपेक्षा बाईंचा आवाज मोठा, असं शाळेतल्या पोरी माझ्या पाठीमागं म्हणायच्या आणि ते खरंच होतं. कळंबच्या अलीकडं, पुणे-नाशिक रस्त्याला लागून असलेल्या एका गावच्या हायस्कुलात मी खेळाची बाई होते. खेळाची बाई म्हणजे कवायत, प्रार्थनेच्या रांगा, पंधरा ऑगस्टचं लेझीम आणि कुणी मास्तर रजेवर गेला की त्याच्या वर्गावर जाऊन बसणं.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. पुण्यात कसल्याशा खेळाच्या शिबिराला आमच्या शाळेतून कुणीतरी जायचं होतं. नेमक्या तेव्हाच बाकीच्यांच्या घरी लग्नं आणि बारशी निघाली, म्हणून मला धाडलं. तिथं रग्बी शिकवली आणि येताना दोन चेंडू दिले. लांबोळके ते चेंडू एसटीत मांडीवर घेऊन बसले, तर शेजारच्या म्हातारीनं विचारलं की पपया कुठं मिळाल्या. चेंडू हायेत, आजी, म्हटलं. असला कुठं चेंडू असतोय का, म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

खेळ तसा सोपा. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि पलीकडच्या रेषेमागं नेऊन टेकवायचा, त्याला ट्राय म्हणतात. दुसऱ्याला द्यायचा तर मागच्यालाच, पुढं फेकायचा नाही. पळणाऱ्याला खाली धरून पाडायचं. आणि जो पडला त्यानं चेंडू तिथल्या तिथं सोडायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला तो उचलता येतो. पडल्यावरही छातीशी धरून ठेवला की शिट्टी, आणि चेंडू समोरच्यांना.

मुलांना क्रिकेटपुढं काही दिसत नव्हतं, म्हणून मी मुलींना शिकवायला घेतलं. त्या कबड्डीवाल्या, धरापकडीची त्यांना सवय. एका बाजूला सात जणी लागायच्या. शाळा सुटल्यावर मी दोन बाजू करायचे आणि आम्ही आमच्या आमच्यातच खेळायचो.

त्यांतली एक आठवीत होती तेव्हापासून कप्तान होती. मी केली नव्हती, ती आपोआपच झाली. बापाच्या शेतावर टोमॅटोचं भरलेलं क्रेट एकटी उचलून पिकअपमध्ये ठेवायची. चेंडू घेऊन निघाली की एक पोरगी पायाला आणि एक कमरेला लोंबकळत यायची, तरी ही थांबायची नाही. काहीजणी तर ती आली की सरळ बाजूला व्हायच्या. मला त्याचा केवढा अभिमान! बघा आमची कप्तान, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

दहावीत गेल्यावर एका संध्याकाळी ती चेंडू पुसत बसली होती. बाकीच्या घरी गेल्या होत्या. मान वर न करता म्हणाली, "बाई, मला पाडणारी कुणी न्हाईच. मग मला खेळता येतं का न्हाई, हे कळायचं कसं?"

मी काहीतरी उडवून लावलं, पण रात्री जेवण गेलं नाही. पोरीचं खरं होतं. दोन वर्षं खेळून तिनं एकही सामना खेळला नव्हता, कारण खेळायचं कुणाशी? जुन्नर-आंबेगावात दुसरा संघच नव्हता. दहावी झाली की ती शाळेतून जाणार, आणि तिचा प्रश्न तसाच राहणार.

तालुक्याला क्रीडाशिक्षकांची बैठक होती, तिथं मी विषय काढला. एकानं विचारलं, मुलींना चिखलात लोळवून काय करायचंय. दुसरा म्हणाला, मॅडम, आधी खो-खोत नंबर आणा, मग विलायती खेळ. सगळे हसले. माझा संताप संताप झाला. मी पिशवी उचलून निघाले, तर व्हरांड्यात एका बाईंनी थांबवलं. आहुप्याच्या बाजूला एक आश्रमशाळा होती, तिथल्या वसतिगृहाच्या त्या अधीक्षिका. बोलणं अगदी हळू. त्या म्हणाल्या, आमच्या पोरी पळायला लई चांगल्या आहेत, पण शिकवायला कोणी वर येत नाही. तुम्ही याल का?

मग काय, दर शनिवारी शाळा सुटली की मी एसटीनं घोडेगाव, डिंभ्यावरून वर. धुक्यात चेंडू दिसायचा नाही, आवाजावरून खेळायच्या पोरी. त्यांच्यात एक नववीतली होती, बुटकी, आमच्या कप्तानच्या कोपराला लागेल एवढी. पण चढावर भारे वाहून कंबर अशी तयार, की ती वाकून पायात शिरायची आणि समोरची कधी आडवी झाली ते समोरचीलाच कळायचं नाही. तिला बघितलं आणि मला हसू आवरेना. खाली आल्यावर कप्तानला मात्र मी काही बोलले नाही.

दिवाळीच्या सुटीनंतरचा रविवार ठरला. सामना आमच्या शाळेत. चुन्याच्या रेषा मारायलाही मी सांगून ठेवलं होतं. आणि त्या आठवड्यात अधीक्षिकांचा फोन आला, की पोरी येऊ शकत नाहीत. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत हटला नव्हता. भात लोळलं होतं आणि आता सगळं एकदमच कापायला आलं होतं. सुटीला घरी गेलेल्या पोरी माघारी आल्याच नव्हत्या. भात खळ्यावर पडेपर्यंत आईबाप सोडणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

हेडसर म्हणाले, मग रद्द करा. माणूस वाईट नव्हता, पण दहावीचा निकाल त्यांच्या डोक्यावर बसलेला. महिनाअखेरीनंतर दहावीची एकही मुलगी मला मैदानावर दिसता कामा नये, जादा तास आहेत, असं त्यांनी बजावलं. मी भांडले. भांडता भांडता मैदानाच्या विषयावरही घसरले, की त्या मुरमावर पोरींचे गुडघे सोलतात, तरी ते मऊ व्हावं म्हणून तुम्ही कधी खणून दिलं नाही. ते शांतपणे म्हणाले, झेंडावंदनाचं मैदान कुणी खणतं का? आणि मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं. आता अंगण खरंच वाकडं होतं हो! पण ते ऐकायला कोण बसलंय?

बाहेर आले तर दाराशी कप्तान उभी. सगळं ऐकलं होतं तिनं. मला वाटलं रडेल. तिनं एवढंच विचारलं, "भात कापायला किती माणसं लागत्यात, बाई?"

मी पुन्हा वर फोन लावला. अधीक्षिका म्हणाल्या, इकडं सावडीची रीत आहे. आज तुम्ही आमच्या शेतात राबलात की आमचा एक दिवस तुमच्या कामाला. पैशाचा संबंध नाही. तुमच्या पोरी खरंच आल्या, तर लोक नाही म्हणणार नाहीत. दुपारपर्यंत उरकलं तर खेळा की तिथंच.

सोपं होतं का पण ते? आयांना पटवायला मी घरोघर फिरले. कप्तानच्या घरी बटाट्याची खुरपणी पडलेली. तिची आई म्हणाली, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आमची पोरगी आमच्या रानात वाकत न्हाई आणि आहुप्याला जाऊन दुसऱ्याचं भात कापणार? बाप कोपऱ्यात चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली आणि पिकअप मी घेऊन येतो म्हणाला. आई त्याच्याकडं बघतच राहिली.

रविवारी उजाडायला पिकअप निघाली. मागं पोरी, त्यांचे विळे आणि दोन चेंडू. वर पोचलो तेव्हा डोंगराच्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली खाचरं पिवळीधमक दिसत होती. आमच्या पोरींना कांदा काढायची सवय, भाताची नाही. कुणी मूठ वरून धरी, कुणी रोपासकट उपटी. बुटकीच्या आईनं एकदा कपाळाला हात लावला, मग प्रत्येकीशेजारी आपली एक एक बाई उभी केली. थोड्या वेळानं हात बसले. गप्पा सुरू झाल्या, एकमेकींच्या बोलण्याला हसणं सुरू झालं. कप्तान आणि बुटकी एकाच ओळीत होत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. दुपारी नाचणीची भाकरी आणि घेवड्याची आमटी खाल्ली आणि सगळ्यात रुंद खाचर मोकळं झालं, त्यात आम्ही खेळायला उतरलो.

मैदान म्हणावं तर काय! एका बाजूला वरच्या खाचराचा बांध, दुसऱ्या बाजूला खाली पुरुषभर उडी. रेषेबाहेर गेलेली पोरगी थेट खालच्या खाचरात, आणि तिथं भारे बांधणारे लोक तिला हात देऊन वर ढकलायचे. कापलेल्या भाताचे धस पायाला टोचत होते, पण माती लोण्यासारखी मऊ होती. एकदा चेंडू उडून देवराईत गेला, तेव्हा सगळं थांबलं. राईतली वाळकी काडीसुद्धा कुणी बाहेर आणत नाही, मग चेंडू आणायचा कसा? बुटकीच्या आईनं चपला काढल्या, आत जाऊन हात जोडले, आपलीच वस्तू आहे देवा असं सांगितलं आणि चेंडू पदरात घेऊन आली. शिट्टी माझ्या तोंडात होती आणि मलाही हात जोडावेसे वाटले.

पहिल्या डावात चेंडू कप्तानच्या हाती नीट लागलाच नाही. दोन्हीकडं एक एक ट्राय झाली होती. दुसऱ्या डावात तिला मोकळी वाट मिळाली आणि ती निघाली. तिचं ते निघणं मला पाठ होतं. दोघी आल्या, तिनं खांद्यानं उडवल्या. आता पुढं नुसती रेष होती, आणि रेषेच्या अलीकडं बुटकी. ती बाजूला झाली नाही. खाली वाकली, पायांत शिरली, आणि आमची कप्तान धाडकन चिखलात तोंडावर आपटली.

बांधावरची माणसं उठून उभी राहिली. कप्तान उठेना. चेंडू छातीशी गच्च धरून पडून होती. सोड, सोड, असं मी ओरडले. पंचानं ओरडायचं नसतं, पण ओरडले. तिला सोडणं ठाऊकच नव्हतं. कधी पडलीच नव्हती, तर सोडायला शिकणार कुठं? आमच्या दोन पोरी मागं हात पसरून उभ्या होत्या आणि ही चेंडू देईना. मला माझ्याच कप्तानविरुद्ध शिट्टी मारावी लागली. वरच्या पोरींनी चेंडू घेतला, पळाल्या आणि ट्राय केली. त्याच ट्रायवर आम्ही हरलो.

मी धावत तिच्याकडं गेले. हाड मोडलं की काय, अशी भीती वाटली. ती उताणी झाली. तोंडभर चिखल, ओठातून थोडं रक्त, आणि ही बया हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बाई," ती म्हणाली, "पाडलं की वो मला."

मी तिथंच चिखलात तिच्याजवळ बसले. इतका आनंद मला पुढं आमच्या पोरींनी मोठमोठ्या ढाली आणल्या तेव्हाही झाला नाही.

निघताना बुटकीची आई पिकअपपाशी आली. तुमचा एक दिवस आमच्याकडं राहिला, कधी येऊ, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू द्या हो, पोरी खेळल्या त्यातच सगळं आलं. तिला ते आवडलं नाही. आमी कुणाची सावड अंगावर ठेवीत न्हाई, म्हणाली आणि वळून चालायला लागली.

महिन्याचा शेवटचा रविवार. हेडसरांनी दहावीचे जादा तास आधीच सुरू केले होते आणि शाळेच्या फाटकातून माणसं आत यायला लागली. बाया, बाप्ये, खांद्यावर फावडी-कुदळी, मागं आश्रमशाळेच्या पोरी आणि अधीक्षिका. हेडसर खडू हातात घेऊन बाहेर आले. बुटकीच्या आईनं त्यांनाच विचारलं, काम कुठाय? त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मैदानाकडं बोट दाखवलं. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं! पण इतक्या लांबून काम मागायला आलेल्या माणसांना नाही कसं म्हणायचं? शेवटी म्हणाले, झेंड्याच्या बाजूचं सोडा, पलीकडचं अर्धं खणा. कप्तानच्या बापानं ट्रॅक्टरनं कालव्याचा गाळ आणून ओतला. दुपारपर्यंत अर्धं मैदान मऊ झालं.

ते आजही तसंच आहे, अर्धं मुरमाचं आणि अर्धं मातीचं. पुढं जुन्नरच्या शाळा आल्या, पारगावहून मुलांचाही संघ आला, दर हिवाळ्यात स्पर्धा व्हायला लागली. नव्या संघाला पहिलं कोडं तेच पडायचं, की नाणेफेक जिंकल्यावर कुठली बाजू घ्यायची. वरच्यांशी आमची सावड अजून फिटलेली नाही. एक वर्ष आम्ही भात कापायला जातो, एक वर्ष ते खाली येतात.

मैदान मऊ झालं त्या दुपारी मात्र कप्तान वर्गातून निघाली ती थेट माझ्याकडं आली. हेडसर मागं उभे होते, त्यांनी तिला अडवलं नाही. नव्या मातीवर आश्रमशाळेच्या पोरींशी खेळायचं ठरलं. हा तिचा शेवटचा सामना, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

डाव संपत आला होता आणि दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. कप्तानला चेंडू मिळाला. पुढं बुटकी होती. वळसा घालून जायला जागा होती, पण कप्तान सरळ तिच्यावर गेली. बुटकी वाकली, पायांत शिरली, आणि कप्तान नव्या मातीत आडवी झाली. माझं तोंड उघडलं होतं, पण ओरडायची वेळ आली नाही. पडता पडताच तिनं हात मागं लांबवला आणि चेंडू जमिनीवर ठेवून सोडून दिला.

मागून आमची आठवीतली पोर आली, तिनं चेंडू उचलला आणि रेषेकडं पळाली. कप्तान मातीत पडल्या पडल्या तिच्याकडं बघत राहिली.