ब्रेक दाबून कोणी बघायचा?

“दाबून बघा साहेब, एकदम मऊ ब्रेक आहे,” मी हँडल पुढे केलं. साहेबांनी दोन्ही ब्रेक दाबले, मान डोलावली. सायकल मात्र साहेबांची नव्हती, त्यांच्या बहिणीची होती.

ऐंशीनंतरची गोष्ट. द्वारका चौकात माझं सायकलचं दुकान होतं. या बहीणबाई पेठ तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात नर्स. पाड्यापाड्यांवर जाऊन बाळंतपणं करायच्या. रस्ता सगळा चढउताराचा.

ब्रेक दोन प्रकारचे यायचे. एक सळयांचा, जड पण दणकट. दुसरा केबलचा, हलका, नव्या फॅशनचा. केबलच्या ब्रेकचा खटका हँडलपासून जरा लांब असतो, बोटं लांबवून ओढावा लागतो. साहेबांनी दाबून बघितला तो हाच.

“सामानासकट उतारावर थांबेल ना?” बाईंनी विचारलं.

“जागच्या जागी थांबेल, साहेब,” मी भावाकडे बघून म्हणालो.

धंद्याची रीतच होती ती. सायकल लेडीज असली तरी ट्रायल सोबतच्या पुरुषाची. सीट तेवढी मी बाईंच्या उंचीला लावून दिली आणि वर स्वतःवर खूश झालो.

पावसाळा संपता संपता दोघं परत आले. बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये.

“ब्रेक फेल झाला का हो?” मी भावाला विचारलं.

“ब्रेक चांगलाय,” बाई म्हणाल्या. “माझी बोटंच पुरत नाहीत. उतारावर नुसती टोकं लागली, गेले बांधावर. आता पाड्यांवर जायला कोणी नाही. बाया घरीच अडतात.”

लहान मुलांच्या सायकलींचे, हँडलला जवळ बसणारे खटके माझ्या ड्रॉवरमध्येच होते. मागवलेला चहा यायच्या आत बदलून झाले.

“हे तेव्हा जमलं नसतं का?” बाईंनी विचारलं.

“जमलं असतं,” मी म्हणालो. मान वर होईना.

आणि कहर म्हणजे, हँडल वळवताना तोंडातून निघूनच गेलं, “बघा साहेब दाबून.”

भावानं हात पाठीमागे घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी डाव्या हाताने एक ब्रेक दाबला, मग दुसरा. या वेळी बोटं पुरली.

सायकल घेताना रंग, रिम, गिअर मागाहून बघा. जो चालवणार त्याची बोटं आधी ब्रेकवर ठेवा. आणि दुकानदार भलत्याशीच बोलत असेल तर सरळ दुसरं दुकान गाठा. माझं असलं तरी.