आठ गाणी ऐकायला गासपर्यंत

विरार पूर्वेच्या चंदनसारहून निघालो तेव्हा माझ्या दोन्ही हातांत एकेक लाकडी स्पीकर होता आणि पाठीवरच्या पिशवीत अँप्लिफायर. बायकोने दारातूनच विचारलं, "अहो, गाणी ऐकायला चाललात की घर बदलायला?"

तिचं चुकलं नव्हतं. मी ज्याच्याकडे चाललो होतो त्या डॉमनिकचा स्वतःचा बँड आहे, त्याच्या घरी स्पीकर नाहीत असं नाही. पण रॉक आणि मेटलचे माझे सगळे अल्बम मी नोकरी लागल्यापासून याच दोन स्पीकरांवर ऐकत आलो आहे. नवा अल्बम दुसऱ्या स्पीकरांवर ऐकायचा आणि त्याला जुन्यांच्या मापाने तोलायचं, हे मला पटत नाही. मोजायचंच असेल तर काटा एकच हवा.

या प्रवासाचं निमित्त मीच केलं होतं. कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं की रॉक-मेटलमध्ये चांगली गाणी अजून होतात, पण थोर अल्बम होणं बंद झालंय. आणि थोर म्हणजे काय, तेही लिहिलं होतं: पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने ऐकताना एकापेक्षा जास्त गाणी पुढे ढकलावीशी वाटली, तर तो अल्बम थोर नाही. बाकीच्यांनी हसून सोडून दिलं. डॉमनिकचा मात्र फोन आला. त्यांचा अल्बम तयार होता. आठ गाणी, त्रेचाळीस मिनिटं. त्याला तो अखंड काढायचा होता. त्याचा मेहुणा नेल्सन गिटार वाजवतो आणि ध्वनिमुद्रणही तोच करतो, त्याचं म्हणणं की आज एवढा वेळ कोणी बसत नाही, एकेक गाणं सुटं काढू. भांडण सुटेना, तेव्हा दोघांनी मला पंच नेमलं. माझी कसोटी, माझेच कान. एक गाणं सोडलं तर अल्बम अखंड निघणार, दोन सोडली तर त्याचे आठ तुकडे होणार. "तू नको म्हणालास तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही," डॉमनिक म्हणाला होता. भूगोलाचा मास्तर आहे तो, बोलतो ते पाळतो. म्हणून माझ्यावर जरा दडपण होतं.

रिक्षाने विरारचा पूल ओलांडला आणि पश्चिमेला आगाशीची बस धरली. स्पीकरांना मांडीवर जागा होईना, म्हणून एक पायांमध्ये ठेवला आणि दुसरा शेजारच्या मावशींच्या पाटीला टेकवला. पाटीत तोंडली होती. त्यांनी लग्नाचे स्पीकर आहेत का विचारलं. मी म्हटलं, नाही, मित्राकडे गाणी ऐकायला चाललोय. त्यांनी एकदा स्पीकरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"एवढी मोठी गाणी?"

मग उतरेपर्यंत त्यांनी तो स्पीकर एका हाताने धरून ठेवला.

आगाशीला उतरायचं कारण सुकेळी (पिकलेली केळी सोलून, उन्हात वाळवून केलेला पदार्थ). डॉमनिकची बायको सुनीतावहिनी, तिला ती आगाशीचीच लागतात. बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेपलीकडे एका बाईंकडे केळीच्या सोपटात (खोडाच्या वाळक्या सालीत) बांधलेल्या जुड्या होत्या. सोपट थोडं उकलून त्यांनी मला वास घ्यायला लावला. गूळ आणि ऊन एकत्र आल्यासारखा वास. दोन जुड्या घेतल्या, त्या ठेवायला पिशवी उघडली आणि लक्षात आलं की स्पीकरची वायर घरीच राहिलीय. अँप्लिफायर आहे, स्पीकर आहेत, मधलं काहीच नाही. मी निघण्यापूर्वी सगळं दोनदा तपासतो. त्या दिवशीही तपासलं होतं. फक्त वायर भिंतीला लावलेली असते, ती मला भिंतीचाच भाग वाटली असणार.

बाजाराच्या टोकाला एक इलेक्ट्रिकचं दुकान सापडलं, मांडवाला रोषणाई पुरवणारं. मी मनात खोलीचा अंदाज घेतला आणि सहा मीटर मागितली. दुकानदाराने दहा कापली. मी हरकत घेतली, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, कमी पडली तर तुम्ही खुर्च्या सरकवत बसाल. जास्त झाली तर गुंडाळून ठेवा." पुढे दहाच्या दहा मीटर लागली, हेही सांगितलं पाहिजे.

आगाशीहून डॉमनिकच्या गावी, गासला, रिक्षाने गेलो. हा रस्ता चंदनसारच्या माणसाला परगावात आल्यासारखा वाटतो. आमच्याकडे खिडकीतून खिडकी दिसते. इथे निर्मळचं तळं मागे पडलं की दोन्ही बाजूंना वाड्या (केळी, फुलं आणि भाजीच्या बागा) सुरू होतात. वळणावर पांढरा क्रूस, त्याला झेंडूचा ताजा हार, पुढे मोगऱ्याचे वाफे. मान वर केली की लांब नालासोपाऱ्याच्या इमारती दिसतात. मान वर केलीच पाहिजे असं नाही.

डॉमनिक फाटकात उभा होता. पिकलेले केस मागे बांधलेले, अंगात काळा टी-शर्ट, पायांत शेतावरच्या चपला. स्पीकर बघून तो हसला नाही, उलट एक उचलून आत घेऊन गेला. कॉलेजात आम्ही दोघांनी ऐकण्याचा एक नियम केला होता: कॅसेट सुरू झाली की बोलायचं नाही, उठायचं नाही, आणि मध्ये टेप अडकली तर पुन्हा पहिल्या गाण्यापासून. तो नियम आज पाळायचा, हे न बोलताच ठरलं.

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे घराची मागची पडवी. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. ड्रमवाला लग्नाच्या बँडबरोबर सुपारीवर गेला होता, त्यामुळे आम्ही चौघंच: डॉमनिक, नेल्सन, सुनीतावहिनी आणि मी. वहिनी रविवारी चर्चच्या गायकवृंदात वरच्या पट्टीत गातात. या बँडमध्ये त्याच वहिनी घशातून अशी गुरगुर काढतात की पहिल्या गाण्यात मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या शांतपणे सुकेळ्याचं सोपट सोडवत होत्या.

पहिलं गाणं मला आवडलं. दुसरं फार सावकाश सरकणारं, सुरू कधी होतंय याची वाट बघता बघता संपलं. मी ते मनात वजा केलं. तिसऱ्यात ताल दर वळणाला बदलत होता, माझा पाय दोनदा चुकला. तेही वजा केलं. म्हणजे माझ्यापुरता निकाल लागला होता आणि अजून पाच गाणी बाकी होती. डॉमनिक माझ्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होता आणि मी त्याच्या. चौथ्या गाण्यात वाद्यांच्या तळाशी एक खोल, अखंड घुमणारा स्वर होता. तो फार सुंदर होता. कोणतं वाद्य असेल याचा विचार करत होतो, तेवढ्यात वीज गेली.

गासला वीज गेली की कोणी उठून बघत नाही. वहिनींनी जेवायला घेतलं. तांदळाच्या रोट्या, बोंबलाचं कालवण, तोंडल्याची भाजी. नेल्सनने जेवताना मला आतापर्यंतचा हिशेब विचारला. अर्ध्या अल्बमचा हिशेब मी देत नाही, नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून ऐकणार, असं मी सांगितलं.

"म्हणजे सगळं परत?" नेल्सनने रोटी खाली ठेवली. "परबसाहेब, म्हणूनच म्हणतो, सुटी गाणी काढू."

जेवण झाल्यावर डॉमनिक मला मागच्या वाडीत घेऊन गेला. केळींच्या पलीकडे हिरव्या पाण्याचं एक बावखल होतं (बागायतीला पाणी पुरवणारं खोदलेलं तळं, वसईच्या गावांत अशी पुष्कळ होती). त्याने हाताने दिशा दाखवत कुठे कुठे बावखलं होती आणि त्यांच्यावर आता काय आहे ते सांगितलं. तो म्हणाला, अल्बम याचाच आहे. पहिलं गाणं बावखल खोदण्याचं. दुसऱ्यात पाणी झिरपतं. तिसऱ्यात वाडी लागते, प्रत्येक झाडाची वेळ निराळी. शेवटच्यात भराव पडतो. "आता हे सुटं कसं काढू? नुसतं भरावाचं गाणं ऐकून कोणाला काय कळणार?"

मला पाण्याच्या झिरपण्याचं ते सावकाश गाणं आठवलं.

तेवढ्यात वीज आली. घरातला पंखा फिरायच्या आधी बावखलाच्या काठावरचा पंप सुरू झाला आणि मी जागच्या जागी थांबलो. चौथ्या गाण्याच्या तळाशी घुमणारा स्वर हाच होता. माझे स्पीकर अजून बंद होते, तरी खात्री होती.

मी डॉमनिककडे बघितलं. त्याने मान डोलावली. पंप शेजारच्या अंतोनकाकांचा. मुद्रण सुरू केलं की पंप सुरू असायचाच, आणि गाद्यांना तो जुमानत नव्हता. काकांना विनंती करून झाली होती. काकांनी उत्तर दिलं होतं, "तुमचा आवाज मी ऐकतो ना? मग माझाही तुम्ही ऐका. झाडाला पानी लागतं." नेल्सन तो आवाज काढून टाकण्यासाठी संगणकाशी झगडत राहिला, पण पंपाबरोबर वहिनींचा आवाजही पातळ व्हायचा. शेवटी डॉमनिकने आपली बास गिटारच पंपाच्या सुरात लावली. मग बाकीच्यांना तिच्याशी जुळवून घ्यावं लागलं. आठही गाणी अंतोनकाकांच्या पंपाच्या पट्टीत आहेत.

काकांचा पंप बंद झाल्यावर आम्ही पुन्हा बसलो, पहिल्या गाण्यापासून. या वेळी दुसऱ्या गाण्यात मी कशाची वाट बघत नव्हतो. पाणी जसं भरतं तसं ते भरत गेलं. तिसऱ्यात पाय चुकला, पण एकदाच, आणि चुकल्यावर मजा आली. चौथं, पाचवं गेलं. सहावं गाणं वेगवान होतं, आमच्या कॉलेजच्या दिवसांत शोभलं असतं असं, आणि नेमकं तेच मला पुढे ढकलावंसं वाटलं. तसली गाणी माझ्याकडे घरी भरपूर आहेत, आणि बरी आहेत. सातवं सरळ आठव्यात मिसळलं. आठव्याच्या शेवटी एकेक वाद्य थांबत गेलं, खाली फक्त मुद्रणातला पंप राहिला, आणि मग तोही बंद झाला.

"एक," मी म्हटलं. "सहावं."

"ते तर तुमच्यासारख्यांसाठी केलं होतं," नेल्सन म्हणाला. वहिनी खो खो हसल्या.

पण हिशेब पुरा द्यायला हवा होता. वीज जाण्याआधी दुसरं आणि तिसरं अशी दोन गाणी मी वजा केली होती, तेही मी सांगितलं. डॉमनिकचा चेहरा उतरला. नेल्सनने लगेच मुद्दा पकडला: दुसऱ्यांदा ऐकल्यावर काहीही गोड लागणार, खरा निकाल पहिलाच.

त्यावर मला थोडा विचार करावा लागला. ज्या जुन्या अल्बमांच्या मापाने मी हा तोलत होतो, ते मी शेकडो वेळा ऐकले आहेत. पहिल्यांदा ऐकताना त्यांतली किती गाणी सोडली होती, हे मला आठवत नाही. आणि त्याच काळातले जे अल्बम मी एकदा ऐकून परत केले, ते तर मी मोजतच नाही. जुन्यांना शेकडो संधी आणि नव्याला एक, असा माझा काटा होता. तो घेऊन मी इतक्या लांब आलो होतो, आणि चूक झाली ती फक्त वायर विसरण्याची असं समजत होतो.

"नेल्सन, दोन वेळासुद्धा कमीच आहेत," मी म्हटलं. "अखंड काढा."

डॉमनिक उठला आणि बाहेर गेला. तो मोरीत तोंड धूत असल्याचा आवाज बराच वेळ येत होता. नेल्सनने मला विचारलं, मग तो पंप राहू द्यायचा का. मी म्हटलं, पंप काढलात तर माझा निकाल मागे घेतो. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. मला वाटतं, हरल्याचा आनंद त्यालाच जास्त झाला होता.

निघताना अंतोनकाका फाटकाशी भेटले, वीज सगळीकडे आली का ते बघायला आले होते. डॉमनिकने त्यांना सांगितलं की पंप अल्बममध्ये राहणार.

"मग वाजवनाऱ्यांत नाव घाला त्याचं," ते म्हणाले. "रोज येतो तो. तुमचा ड्रमवाला येतो का?"

परत येताना डॉमनिकने मला स्कूटरवरून विरारला सोडलं, एक स्पीकर त्याच्या पायांशी, दुसरा आमच्या दोघांच्या मध्ये. पुलाजवळ उतरताना त्याने विचारलं, अल्बम थोर आहे का? मी म्हटलं, जुन्यांइतक्या वेळा ऐकून झाला की सांगतो. "तोवर आपण म्हातारे होऊ," तो म्हणाला. मी त्याला आरशात स्वतःचे केस बघायला सांगितलं.

घरी आलो. बायकोने चहा ठेवला आणि विचारलं, "मग? होतात का अजून थोर अल्बम?"

होतात, मी म्हटलं. ऐकायला परत परत बसावं लागतं, एवढंच.

संध्याकाळी सोसायटीची पाण्याची मोटर सुरू करायची पाळी माझी होती. खाली गेलो, बटण दाबलं, टाकीत पाणी चढू लागलं. मी तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने बायको गॅलरीतून वाकून विचारू लागली की काही बिघडलंय का.

बिघडलं काही नव्हतं. आमची मोटर गासच्या पंपापेक्षा किंचित वरच्या सुरात आहे, एवढं मी पक्कं करून घेत होतो.