तिखाडीची मोजणी

सरांनी खिशातला रुमाल काढला आणि माझे डोळे बांधले.

"हात मागे," ते म्हणाले.

मी हात मागे घेतले.

"आता गुडघ्यावर बस. मागच्यांना दिसलं पाहिजे."

मी बसलो.

यवतमाळच्या एका कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी तिथं डेमॉन्स्ट्रेटर होतो. बी.एस्सी. पास. ज्या पोरांना मी रोज प्रात्यक्षिकं दाखवायचो, ती पोरं भिंतीला लागून उभी होती. समोर खुर्चीवर नागपूरचे पाहुणे होते, गवतांचे मोठे जाणकार. त्यांच्या बाजूला सरांचा भाचा. तो नागपूरला एम.एस्सी. शिकत होता.

सरांनी तिखाडी गवताचा एक तुरा चोळून माझ्या नाकाखाली धरला.

"बोल."

"मोतिया."

दुसरा.

"सोफिया."

तिसरा. चौथा. मध्येच त्यांनी साधं कुसळ धरलं. मी म्हणालो, "हे तिखाडीच नाही." पोरं हसली. दहा-बारा वेळा झालं. एकदाही चुकलो नाही. टाळ्या पडल्या.

सर पाहुण्यांना म्हणाले, "यांच्या जातीला शाळा नको, नाक पुरे."

पाहुणे हसले. भाचा हसला. सगळी प्रयोगशाळा हसली.

मी रुमाल सोडला. दारात माझा बा उभा होता. सरांनी निरोप धाडला होता म्हणून सकाळच्या एसटीनं घाटंजीहून तिखाडीच्या दोन पेंढ्या घेऊन आलेला. डोक्याला लाल पागोटं. पेंढ्या अजून खांद्यावरच.

तोही हसत होता.

मला राग आला नाही. रडू आलं नाही. गुडघ्याला लागलेली धूळ झटकली, एवढं आठवतं.

आम्ही गोर. बंजारा. आजा बैलांवर मीठ लादून मुलुखभर हिंडायचा. रेल्वे आली, लदेणीचा धंदा बसला, तांडा घाटंजीच्या बाजूला जंगलाच्या कडेला राहिला. गावात कोणाची कोंबडी गेली तरी शिपाई आधी तांड्यावर यायचा. माझी याडी, म्हणजे आई, मग घागरा सावरत उठायची आणि स्वतःच पेटी उघडून दाखवायची. तो सांगायच्या आधी. मी लहानपणी समजायचो, पाहुणे आल्यावर पेटी उघडून दाखवायची रीतच असते.

बा तेलाच्या भट्टीवर होता. दसऱ्यानंतर तिखाडी तुऱ्यावर यायची. मग नाल्याकाठी भट्टी लागायची. मोठ्या देगीत गवत उकळायचं, वाफ थंड करायची, वर तेल तरंगायचं. तिखाडी दोन तऱ्हेची. मोतियाच्या तेलाला गुलाबासारखा वास. सोफियाला आल्यासारखा, उग्र. दिसायला दोन्ही सारख्याच. सोफियाची एक पेंढी मोतियात गेली तर सगळी देग नासायची. म्हणून ठेकेदारानं बाला देगीच्या तोंडाशी बसवलं होतं. बा प्रत्येक पेंढीतला एक तुरा बोटात चोळायचा, नाकाला लावायचा आणि पेंढी डावीकडे नाहीतर उजवीकडे फेकायचा. दिवसभर तेच. मी त्याच्याजवळ बसून शिकलो. नाकानंच शिकलो, खोटं कशाला सांगू. पण बानं मला पाहायलाही शिकवलं. मोतिया उतारावर, सुटी सुटी. सोफिया ओलीकडे, दाट. मोतियाचं पान दांडीपासून आडवं फाकतं. सोफियाचं दांडीला धरून वर जातं.

"दोघी बहिनी नाही त्या," बा म्हणायचा. "एका घरच्या दिसतात, पन नाही."

शाळा शिकलो. कसा शिकलो ते सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. बी.एस्सी. झालो. सरांनी मला नोकरीला लावलं. ते उपकार मी नाकारत नाही. पण त्यांनी मला का लावलं ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. ते तिखाडीवर काम करत होते आणि त्यांना जंगलात जाणारं माणूस पाहिजे होतं.

सरांचं म्हणणं असं होतं, की मोतिया आणि सोफिया एकच गवत आहे. कोरड्या जागी उगवलं की मोतिया, ओल्या जागी उगवलं की सोफिया. फरक मातीचा, जातीचा नाही. तसं त्यांनी लिहूनही ठेवलं होतं. फक्त पुरावा जोडायचा होता. पुरावा जमवायचं काम माझं.

मी दोन्ही गवतांची ठोंबं आणली. एकाच मातीच्या कुंड्यांत लावली. एकाच झारीनं पाणी घातलं. वर्ष गेलं. मोतिया मोतियाच राहिली, सोफिया सोफियाच.

मग मुळं. गवताच्या कोवळ्या मुळाच्या टोकाशी पेशी दुभंगत असतात. त्या वेळी पेशीतली गुणसूत्रं सुटी दिसतात, मोजता येतात. सकाळी ऊन वर आलं की मी मुळाचं टोक कापायचो, औषधात टाकायचो, लाल रंगात ठेवायचो. मग काचेवर घ्यायचो, वरून पातळ काच आणि अंगठ्यानं दाब. दाब कमी पडला की सगळं एकात एक गुंतलेलं. जास्त झाला की काच फुटली. पहिले चार महिने मला नुसता लाल चिखल दिसला.

एक दिवस दिसली. मोतियाची पेशी. आखूड आखूड काड्या, लाल, एकमेकींपासून सुट्या. मी मोजल्या. वीस. पुन्हा मोजल्या. वीस. वहीत चित्र काढलं. एक डोळा नळीत, दुसरा कागदावर.

सोफियाची पेशी मिळायला पावसाळा गेला. तिच्यात इतकी दाटी होती की मी मोजता मोजता विसरायचो. मग एकेक काडी वहीत काढायची आणि तिच्यापुढे आकडा घालायचा, असं सुरू केलं. चाळीस. आठ वेगवेगळ्या ठोंबांची मुळं घेतली. चाळीस. दोन काड्या एकमेकींवर पडायच्या आणि एकच वाटायची, तिथं मी भिंगाचा स्क्रू बारीक बारीक फिरवत राहायचो, सुट्या होईपर्यंत.

पानांचे कापही घेतले. बटाट्याच्या फोडीत पान धरायचं आणि वस्तऱ्यानं पातळ काप उतरवायचे. सोफियाच्या पेशी मोठ्या. पानावरची रंध्रंही मोठी. गुणसूत्रं दुप्पट झाली की पेशी मोठी होते, हे पुस्तकात होतं. इथं माझ्या काचेवर होतं.

मी वही घेऊन सरांकडे गेलो. म्हणालो, "सर, फरक मातीचा नाही. माती बदलली म्हणून विसाचे चाळीस होत नाहीत."

सरांनी वही चाळली. खूप वेळ चाळली. मग विचारलं, "कोणाला दाखवलंस?"

"कोणाला नाही."

"नको दाखवू."

पुढच्या पंधरवड्यात भाचा आला. मग नागपूरचे पाहुणे येणार असं ठरलं. सर म्हणाले, "त्या दिवशी चांगले कपडे घालून ये. पाहुण्यांसमोर तुला उभं करायचं आहे." मी शर्टाला इस्त्री केली. रंग नवा उकळला. सहा चांगल्या काचा तयार केल्या आणि काय बोलायचं ते पाठ केलं.

त्यानंतर रुमाल.

टाळ्या थांबल्यावर भाचा सूक्ष्मदर्शकापाशी गेला. माझ्या काचा, माझी वही. "आम्ही मोजलं तेव्हा," तो बोलू लागला. पाहुणे वाकून पाहत होते. सरांनी मला खूण केली, बाला बाहेर घेऊन जा.

आम्ही मागच्या नळापाशी गेलो. शिपायानं चहा आणला. बाचा कानतुटक्या कपात. तो कप आधी कुंड्यांजवळ पडलेला असायचा, आम्ही त्यात रंग उकळायचो. मी पाहिला. बा चहा प्यायला.

"साह्येब लोक खुश झाले न?" तो म्हणाला. "म्या सांगितलं होतं तुह्या याडीले. तुहं नाक माह्यावर गेलं म्हून."

मी हो म्हणालो.

तीन दिवसांनी सरांनी खोलीत बोलावलं. भाचा तिथंच बसला होता.

"सोमवारी संस्थेची मंडळी येणार आहेत," सर म्हणाले. "त्या दिवशीचं ते पुन्हा करून दाखवायचं. लोकांना आवडतं. आणि तुझी वही याच्याकडे दे. लेख लिहायला घेतोय."

"लेखावर नाव कोणाचं, सर?"

"माझं. याचं."

"मोजणी मी केली."

"आभारात येईल की. 'तांड्यातील मदतनीस' असं लिहू."

"मी डेमॉन्स्ट्रेटर आहे, सर."

"तुझ्या नेमणुकीच्या कागदावर सही माझी आहे."

कॉलेजात आल्यापासून मी सरांपुढे 'मला', 'तुम्हाला' असंच बोलायचो. तोंड घट्ट धरून बोलायचो. त्या दिवशी ते धरवलं नाही.

"मले नाही जमत," मी म्हणालो.

"काय?"

"मले नाही जमत, सर. सोमवारचं बी नाही अन् वही बी नाही."

भाचा पहिल्यांदाच बोलला. "वही कॉलेजची आहे."

खरं होतं. वही कॉलेजच्या भांडारातली होती. मी ती उघडली. मागचे कोरे कागद फाडले, सगळे, एकेक करून. नीट जुळवले आणि सरांच्या टेबलावर ठेवले.

"हे कॉलेजचे. मोजनी माही हाये."

सर ओरडले असतील. मला ऐकू आलं नाही. मी बाहेर आलो, जिन्यानं उतरलो, स्टँडवर गेलो. घाटंजीची गाडी लागलेली होती, तीत बसलो.

बा चिडला. तीन दिवस चिडलेला होता.

"काहून ना म्हटलं? नाकच तं लावाचं होतं. नाकानं काय झिजते मानूस?"

"बा, त्यायनं मले गुडघ्यावर बसवलं."

"म्या जलमभर बसलो देगीपाशी."

मी वही काढली. सोफियाचं चित्र दाखवलं. त्याला अक्षर येत नव्हतं, पण मोजता येत होतं. काळं पडलेलं बोट एकेका काडीवर ठेवत त्यानं चाळीस मोजल्या. मग पान उलटून मोतियाच्या वीस.

"हे तिच्या मुळात हाये?"

"हो."

"अन् तुले दिसलं?"

"मले दिसलं."

त्यानं बोट चित्रावरच ठेवलं. मग विचारलं, "त्या पोट्ट्यानं साह्येबाले काय सांगितलं त्या दिवशी? म्या दारात होतो तवा?"

"त्यानं मोजलं म्हून सांगितलं."

बानं वही मिटून माझ्या हातात दिली. "अन् म्या हासत होतो," तो म्हणाला.

मी उमरखेडला एका हायस्कुलात मास्तर झालो. विज्ञान शिकवायचो. शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता. दोन वर्षं गेली. मे महिन्यात नागपूरला गेलो होतो, पेपर तपासायच्या कामाला. एका वाचनालयात शोधपत्रिकेचा अंक चाळताना लेख सापडला. सरांचं नाव. भाच्याचं नाव. माझे कुंड्यांचे प्रयोग, माझे पानांचे काप, आणि निष्कर्षही माझाच: गवतं दोन. शेवटी आभार: गवत गोळा करण्यास मदत केल्याबद्दल स्थानिक तांड्यातील मजुरांचे.

मी डेमॉन्स्ट्रेटरचा मदतनीस झालो होतो, मदतनिसाचा मजूर.

ते वाचून काही झालं नाही. पण मग आकडे पाहिले. मोतिया, वीस. सोफिया, अडतीस.

अडतीस.

वही नव्हती म्हणून भाच्यानं स्वतः मोजलं होतं. काड्या एकमेकींवर पडल्या होत्या, त्या त्यानं सुट्या केल्या नाहीत. विसाची दुप्पट अडतीस कशी होईल, हेही कोणी विचारलं नाही. छापलं. आता जो कोणी तिखाडीवर लिहील तो अडतीसच लिहिणार. पोरं परीक्षेत अडतीस लिहिणार. खाली गवत चाळीस घेऊन उभं राहणार.

मी त्या नागपूरच्या पाहुण्यांना पत्र लिहिलं. ओळख दिली. आकडा चुकला आहे, चित्रं माझ्याकडे आहेत, पाठवू का, असं विचारलं. महिन्यानं पोस्टकार्ड आलं. दोन ओळी. आपली वासाची परीक्षा स्मरणात आहे. छापील निष्कर्षाला आव्हान द्यायचे तर छापण्याजोगे काम पाहिजे.

मी ते कार्ड वर्गात शिकवायला जाताना वाचलं. तास घेतला. मधल्या सुट्टीत पुन्हा वाचलं. पहिल्यांदा अपमान दिसला. दुसऱ्यांदा पाहिलं तर शब्द खरे होते. काम पाहिजे. माझ्या नावाचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, छापलेलं. नुसतं नाही म्हणून भागत नाही. मी नाही म्हणालो आणि चुकीचा आकडा खरा ठरला.

त्याच दिवशी अर्ज लिहिला आणि हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. ते शेतीवाले, बोलायला मोकळे.

"रजा?" ते म्हणाले. "दोन वर्सं?"

"बिनपगारी. एम.एस्सी. करतो, नागपूरले."

"नाही भेटली तं?"

"तं राजीनामा समजा."

"अरे, चांगली नोकरी हाये. तुमच्यात कोनाले भेटली अशी? कायले जाता?"

"मोजायले."

"काय मोजाचं हाये?"

"गवत."

ते हसायला लागले. "गवत कोनी मोजते का राजेहो?"

"मी मोजतो," मी म्हणालो आणि अर्ज त्यांच्यासमोर सरकवला. "सही करा."