हुवारियानं बांधलेला स्पीडब्रेकर

रव्याच्या कुसकुसाची पहिली वाफ काढून हुवारिया ते परातीत हातानं मोकळं करत होती, तेवढ्यात अंगणातून लोखंड कापायच्या ग्राइंडरची किंचाळी आली. तिनं बिस्मिल्लाह म्हटलं. ते कुसकुसासाठी नव्हतं, मुलासाठी, नदीरसाठी होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीचं, सिहेमचं लग्न. नवरीला भावाच्या गाडीतून पाठवायचं, हे वराकडच्यांनी आढेवेढे घेत का होईना, मान्य केलं होतं. बाप हयात नव्हता, तेव्हा तो मान नदीरचा. आणि नदीरला गाडी अशी हवी होती की साऱ्या ओरान शहरानं वळून बघावं. त्याची छोटी पांढरी हॅचबॅक चाकांवर उंच उभी राहते, कोंबडीसारखी दिसते, असं मित्र हिणवायचे. गाडी खाली बसवायची म्हणजे स्प्रिंगा कापायच्या. गॅरेजवाल्यानं हात जोडले होते. कापलेल्या स्प्रिंगचं पाप माझ्या डोक्यावर नको, म्हणाला. म्हणून हा कारखाना घरी.

ती हात झटकत दारात आली. गाडी विटांवर चढवलेली. मागच्या दोन स्प्रिंगा आणि पुढची एक कापून झाली होती. उरलेली नदीरनं दोन शिकंज्यांत दाबून धरली होती आणि पान्यानं तो एकेक आटा आवळत होता.

"यम्मा, आत जा."

"तू आधी तोंड बाजूला घे."

"यातलं तुला काय कळतं?"

"दाबलेलं उसळतं, एवढं कळतं."

वैतागून का होईना, त्यानं मान वळवली. तेवढ्यात एका बाजूचा आकडा सटकला. स्प्रिंग त्याच्या कानाजवळून सुटली आणि भिंतीशी सब्जा लावलेल्या, टोमॅटोच्या जुन्या पत्र्याच्या डब्यावर आदळली. डबा चेपला, माती अंगणभर झाली. नदीर पान्यासकट तसाच बसून राहिला, ओठ पांढरे पडलेले.

हुवारियाला ओरडायचं होतं, पण तोंडातून फक्त अल्हम्दुलिल्लाह निघालं. रोप उचलून तिनं ओट्यावर ठेवलं. "आता पुरे कर," ती म्हणाली.

"एक बाजू उंच आणि एक खाली, अशी ठेवू?" त्यानं विचारलं. हट्ट जागेवर होता.

तिसऱ्या प्रहरी असरची नमाज पढताना तिचं अर्धं लक्ष अंगणातच होतं. त्याबद्दल तिनं शेवटी अल्लाहची माफीही मागितली. नमाज संपवून ती बाहेर आली तेव्हा गाडी विटांवरून उतरली होती आणि जमिनीला पोट लावून बसल्यासारखी दिसत होती. समोर खुर्ची टाकून बसलेले बूझियानचाचा, बंदरावर जन्मभर हमाली केलेला माणूस, चष्मा वर करून बघत होते.

"ही गाडी आहे की सतरंजी?"

"बसून तर बघा, चाचा."

चाचा बसले, नदीरचे दोघे मित्रही बसले. गाडी डौलात निघाली आणि गल्लीच्या तोंडाशी, स्पीडब्रेकरवर, कर्रकन अडकली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, पोट सिमेंटवर. मागच्या सीटवरून चाचांचा आवाज आला, "पोरा, संध्याकाळची मगरिबची नमाज मी इथंच पढू का?"

गल्ली हसली. हुवारिया हसली नाही. सगळे खाली उतरल्यावर गाडी जेमतेम बोटभर उचलली गेली आणि मागं घेता आली. पण नवरी तिच्या जड पोशाखात, सोबत दोन मावश्या, एवढ्या वजनाला ती निघणं शक्य नव्हतं. नदीरनंही ते ओळखलं. तो घरात गेला आणि घण घेऊन बाहेर आला.

तो स्पीडब्रेकर नगरपालिकेचा नव्हता. सिहेम लहान असताना पाव आणायला धावत निघाली आणि भरधाव गाडीनं तिचा पाय मोडला. पाय जुळला, पण आखूड राहिला. हुवारियानं नगरपालिकेत खेटे घातले आणि मग एका जुम्म्याला, पुरुष मशिदीत गेलेले असताना, गल्लीतल्या बायांना घेऊन स्वतःच सिमेंट कालवलं. वाकडातिकडा झाला, हवा त्याहून उंच झाला. टॅक्सीवाले आजही शिव्या घालतात. पण त्या दिवसानंतर गल्लीत एकाही लेकराला गाडी लागली नव्हती.

"फक्त उद्यापुरता फोडतो," नदीर म्हणाला. "परवा बांधून देतो, याच्याहून चांगला."

"स्प्रिंगा परत घाल."

"कापलेलं लोखंड जोडता येतं का, यम्मा? उद्या वरातीसमोर गाडी अडकली तर तुझ्या मुलीचं हसं होईल. ते चालेल तुला?"

ती जाऊन स्पीडब्रेकरवर बसली, रवा लागलेले हात मांडीवर ठेवून. खिडक्या उघडल्या. नदीरनं तिच्याकडे न बघता दुसऱ्या टोकावर घण घातला. टवका उडून तिच्या पायाशी पडला. तिनं पाय मागं घेतला नाही. त्यानं घण पुन्हा उचलला.

"ठेव तो खाली."

दारात सिहेम उभी होती, मेंदीचे हात कापडात गुंडाळलेले. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीनं गल्लीत येऊ नये, पण ती लंगडत पार तिथवर आली.

"मी चालत जाईन. गाडी पलीकडे उभी कर."

"नवरी रस्त्यावर चालत जाणार? लोक काय म्हणतील?"

"रीतीप्रमाणे बाबांच्या बर्नूसखालून निघायचंच आहे. उंबऱ्यापर्यंतच्या ऐवजी इथवर." ती थांबली. "तो झगा माझ्या डोक्यावर कोण धरणार, दादा? तू स्टिअरिंग धरून बसलास तर?"

नदीरनं घण भिंतीला टेकवला.

दुसऱ्या दिवशी वरातीचे हॉर्न ऐकू आले. नदीरनं रिकामी गाडी तिरकी घेतली. पोट खरवडलं, सिमेंटवर काळा ओरखडा उठला, पण गाडी निघाली. जी चावी तो सख्ख्या मित्रालाही देत नसे, ती त्यानं गाडी चालवायला बूझियानचाचांच्या हातात ठेवली आणि परत आला. बापाचा पांढरा बर्नूस त्यानं बहिणीवर धरला. वराकडची पोरं हॉर्नवर हात ठेवूनच होती. स्पीडब्रेकरपाशी सिहेमचा आखूड पाय अडखळला. नदीरनं बर्नूस एका हातात घेतला, दुसऱ्यानं बहिणीला उचलून पलीकडे ठेवलं, आणि बायांनी जीभ फिरवत घातलेल्या आनंदाच्या किलकाऱ्यांनी गल्ली भरून गेली.

नवरीला घेऊन गाडी निघाली, मागून वरातीच्या गाड्या. घाई सगळ्यांनाच होती, पण त्या जागेवर एकेक गाडी मंदावून गेली. हुवारिया शेवटच्या गाडीपर्यंत बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी नदीर थापी घेऊन टवका उडालेल्या जागी सिमेंट भरत बसला. गाडी विटांवर होती, भंगारबाजारातून अखंड स्प्रिंगा मिळेपर्यंत. हुवारिया शेजारी उभी राहून बघत होती.

"अजून थोडं घाल. बसेल ते वाळल्यावर."

"अजून उंच केला तर मी कसा जाणार, यम्मा?"

"हळू," ती म्हणाली.