नाशपाती कुणी सोलायची

बांग ओकरान यांना स्वस्थ बसता येत नाही, हे फ्लशिंग या स्थलांतरितांच्या वस्तीतल्या निम्म्या कोरियन म्हाताऱ्यांना ऐकून माहीत आहे आणि उरलेल्या निम्म्यांनी ते अनुभवलं आहे. बाई एखाद्या घरी सही घ्यायला म्हणून जातात आणि निघतात तेव्हा तिथली भांडी विसळलेली असतात, दारामागचा कचरा खाली गेलेला असतो, कुंडीतल्या मिरचीला पाणी मिळालेलं असतं. सही मात्र कधीकधी राहून जाते. मग तेवढ्यासाठी पुन्हा तीन जिने चढायचे.

कपडे धुण्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, त्यांचं मदत केंद्र आहे. चिनी लोकांसाठी दोन टेबलं, खिडकीजवळचं बंगाली टेबल रेहानाचं, आणि पंख्याखालचं कोरियन टेबल बांगबाईंचं. सतरा वर्षं झाली. आलेलं सरकारी पत्र वाचून सांगायचं, फॉर्म भरायचा, फोनवर ताटकळत बसायचं आणि शेवटी समोरच्या म्हाताऱ्याला पटवायचं की मदत मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे. पहिली तीन कामं कुणीही करील. घोडं पेंड खातं ते चौथ्यापाशी.

त्याआधीची चौदा वर्षं त्यांनी नखांच्या दुकानात, गिऱ्हाइकांची नखं कापण्यात आणि रंगवण्यात काढली होती. माणूस दिसला की तोंडाआधी त्याचे हात बघायचे, ही खोड तिथली. गप्सुन आजींचं दुखणं त्यांना कळलं तेही नखांवरूनच.

मा गप्सुन आजी सत्त्याऐंशीच्या. किसेना रस्त्यावरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर सव्वीस वर्षं एकट्या. खाली बाकावर चौघीजणी दुपारी फुलांच्या चित्रांचे कोरियन पत्ते खेळतात, त्यात आजी उघड उघड लबाडी करतात आणि बाकीच्या तिघी वयाचा मान राखून गप्प बसतात. ही बाई म्हणजे टापटिपीचा पुतळा. केस विंचरल्याशिवाय कचरा टाकायलाही खाली उतरायची नाही. तिची नखं वाढलेली दिसली, तेव्हा बांगबाईंनी बोलता बोलता तिचा हात हातात घेतला. बोटं मिटत नव्हती आणि मिटली तर उघडत नव्हती.

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. जानेवारीत एका रविवारी आजी न्हाणीघरात पडल्या होत्या. सकाळपासून दुपारपर्यंत तशाच. भिंत वाजवली असती तर शेजारीण धावत आली असती.

"मग वाजवली का नाही?" बांगबाईंनी विचारलं.

"रविवार होता. लोक चर्चला निघालेले असतात. ऐन निघण्याच्या वेळी कशाला कुणाला त्रास?"

हे डलासला राहणाऱ्या मुलाच्या कानावर गेलं. मुलगा भला माणूस आहे, पण भली माणसं घाबरली की तडकाफडकी निर्णय घेतात. तो म्हणाला, आईजवळ रोज कुणीतरी असलं पाहिजे. नसेल तर मेअखेर मी घर रिकामं करतो आणि तिला इथल्या वृद्धांच्या निवासात ठेवतो. त्या निवासाचे फोटोही त्यानं पाठवले. हिरवळ सुंदर होती. तिथं कोरियन बोलणारं मात्र कुणी नव्हतं. म्हणजे जेवायला उकडलेला बटाटा आणि गप्पा मारायला भिंत.

"मी तिथं जाऊन मरेन," आजी म्हणाल्या. त्यांनी ते इतक्या शांतपणे सांगितलं की बांगबाई घाबरल्या.

उपाय होता. सरकारी विम्यातून घरी मदतनीस बाई मिळते, अंघोळ घालायला, रांधायला, सोबतीला. पण किती तास द्यायची, किंबहुना द्यायची की नाही, हे एक नर्स घरी येऊन, माणूस बघून ठरवते. मार्चमध्ये ती नर्स यायची ठरली.

आणि इथं सतरा वर्षांच्या अनुभवी बांगबाईंनी माती खाल्ली.

त्या अर्धा तास आधी पोचल्या. बघतात तर मोरीत भांडी, फरशीवर तांदळाचे दाणे, आजींच्या जाकिटाची बटणं भलत्याच काजात. घरी पाहुणा यायचाय आणि घर असं? त्यांनी पुढचा मागचा विचार केला नाही. भांडी घासली, फरशी पुसली, आजींचे केस विंचरले, बटणं सोडून नीट लावली. वर पाहुण्यांसाठी नाशपाती सोलून, फोडी करून, बशीत मांडून ठेवली. दहा वाजता नर्स बातीस्त आल्या तेव्हा गप्सुन आजी राणीसारख्या ताठ बसल्या होत्या.

नर्स हैतीच्या, धिप्पाड, आवाज मऊ. दुभाषा फोनवर.

"अंघोळ एकट्यानं जमते?"

"न जमायला काय झालं? दोन हात आहेत की."

"स्वयंपाक?"

"साठ वर्षं करतेय. तुम्ही जेवलात का?"

"कधी पडलात वगैरे?"

"छे. तुम्ही फळ घ्या ना."

नर्सने फळ नम्रपणे नाकारलं, आभार मानले आणि त्या गेल्या. बांगबाईंनी मध्ये दोनदा तोंड उघडलं होतं, पण आजींनी अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी ते मिटलं. वडीलधाऱ्या माणसाला परक्यासमोर खोटं कसं पाडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. पत्र आलं तेव्हा ती मूठ केवढ्याला पडली ते कळलं. अर्ज नामंजूर. कारण: घर स्वच्छ आहे, अर्जदार नीटनेटक्या असून स्वतःचं सर्व स्वतः करतात.

बांगबाई त्या "घर स्वच्छ" वर बोट ठेवून बसून राहिल्या.

"ते घर मी पुसलं होतं," त्या रेहानाला म्हणाल्या.

"आणि केस?"

"मीच विंचरले. बटणंसुद्धा मीच लावली."

रेहानानं चहाचा घोट घेतला. "म्हणजे तपासणी तुमची झाली, बाई. अभिनंदन, पास झालात." मग बाईंचा चेहरा पाहून तिनं आपल्या डब्यातला अर्धा पराठा त्यांच्यापुढे सरकवला. "आमच्याकडे वेगळं आहे होय? माझ्या सासूनं डॉक्टरांना बसायला नवी चादर घातली आणि छातीत दुखतंय ते सांगायचं विसरली."

बांगबाई हसल्या, पण तो पराठा त्यांनी तसाच परत डब्यात ठेवला. कारण ही चूक त्यांच्या ओळखीची होती. त्यांची आई तिकडे कोरियात, गुन्सानला होती. दर शनिवारी फोन व्हायचा आणि दर शनिवारी आई म्हणायची, मी बरी आहे, तू आपली तब्येत सांभाळ. नऊ वर्षं बाईंनी ते मानलं. मानणं सोयीचंही होतं. दुकानातून सुट्टी मिळत नव्हती आणि विमानाचा प्रवास काही कोपऱ्यावर जाऊन येण्याइतका सोपा नव्हता. आई गेल्यावर मावशीनं सांगितलं की शेवटचं वर्षभर तिला चमचा धरता येत नव्हता. त्यानंतरच बाईंनी नखांचं दुकान सोडलं आणि केंद्रात अर्ज केला. ही गोष्ट त्या कुणाला सांगत नाहीत.

दाद मागितली. नर्स पुन्हा एकदा येईल, बारा मेला, असं उत्तर आलं. ही शेवटची संधी.

आता तालीम सुरू झाली. बांगबाई दाराबाहेर जाऊन नर्स होऊन आत यायच्या.

"नमस्कार. अंघोळ एकट्यानं जमते?"

"या, बसा. जेवलात का?"

"आजी, मी नर्स आहे. नर्सला जेवणाचं विचारायचं नाही."

"का, नर्सला पोट नसतं?"

"आजी, खोटं नाही बोलायचं. जे खरं आहे तेवढंच सांगायचं."

"बांगबाई, खरं हे घरच्या माणसांत बोलायचं असतं," आजी म्हणाल्या. "ती बाई लांबून, उन्हातान्हाची येणार, आणि मी तिच्यापुढे न्हाणीघरातलं रडगाणं गाऊ? तुम्ही मला काय समजता?"

तीन तालमी झाल्या. तिसऱ्या वेळी आजींनी नर्ससाठी मूगडाळीची धिरडी करण्याचा बेत सांगितला. मोडेन पण वाकणार नाही, असल्या माणसापुढे काय बोलणार? बांगबाई खाली उतरताना एकच विचार करत होत्या: हिच्या तोंडून खरं निघणार नाही. मग ते दुसरं कुठून निघेल?

बारा तारखेला त्या मुद्दाम लवकर गेल्या नाहीत. खालीच थांबल्या आणि नर्स बातीस्त आल्या तशा त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरल्या.

"आजी तुम्हाला फळ देतील," बांगबाई म्हणाल्या. "कृपा करून नाही म्हणू नका."

"आम्हाला काही घेता येत नाही, नियम आहे."

"खाऊ नका. फक्त नाही म्हणू नका."

नर्सने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.

आजींनी घर आवरलं होतं, पण कंबरेपासून खांद्यापर्यंतच. त्याच्या वर हात पोचत नव्हता आणि खाली वाकता येत नव्हतं. टेबल लखलखीत आणि टेबलाखाली पंधरा दिवसांची धूळ. जाकिटाचं एक बटण चुकलेलं. बांगबाईंचे हात शिवशिवले. त्या खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसल्या.

"जेवलात का?" आजींनी नर्सला विचारलं, आणि टोपलीतून डोक्याएवढी नाशपाती काढली. "थांबा, फळ देते."

नर्स नाही म्हणाल्या नाहीत.

आता, कोरियन घरात वडीलधारी बाई सुरी उचलते त्याच क्षणी तिथली धाकटी बाई ती तिच्या हातून काढून घेते. हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हातारी फळ सोलतेय आणि धाकटी बसून बघतेय, हे पाहिलं तर शेजारपाजार वर्षभर नावं ठेवील. आजीही थांबल्या. सुरी हातात घेऊन, किंचित पुढे धरून, त्या वाट बघत राहिल्या. बांगबाईंनी मान खाली घातली.

आजींनी सोलायला सुरुवात केली. सुरी सालीवरून घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. अंगठ्याएवढा तुकडा निघाला, त्याला गर सालीच्या तिप्पट. बोटं आखडली तशी त्यांनी सुरी खाली ठेवली, दुसऱ्या हातानं बोटं एकेक करून उघडली आणि पुन्हा सुरी उचलली. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचाच काय तो आवाज. फोनवरचा दुभाषा दोनदा म्हणाला, "हॅलो, ऐकू येतंय ना?" सात मिनिटांनी नाशपाती हातातून सुटली, गडगडत गेली आणि बांगबाईंच्या पायाशी येऊन थांबली. नुसतं वाकलं असतं तर हातात आली असती.

बांगबाई वाकल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

आजींनी टेबलाचा आधार घेऊन वाकायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर थांबल्या, आणि सावकाश परत खुर्चीत बसल्या. नर्स बातीस्त यांनी कागद बाजूला ठेवले, उठून ते फळ उचललं आणि टेबलावर आजींच्या समोर ठेवलं.

"कुणी घरी येत नाही तेव्हा तुम्हाला नाशपाती कोण सोलून देतं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

दुभाष्यानं तो सांगितला. आजींनी ते अर्धवट सोललेलं फळ हातानं जरा दूर सारलं.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "कुणी नसलं की मी खात नाही."

"आणि अंघोळ?"

"जानेवारीत पडले होते," आजी म्हणाल्या. "तेव्हापासून ओला टॉवेल फिरवते." आणि मग जे तीन तालमींत आलं नव्हतं ते सगळं, फारसं न थांबता, त्यांनी सांगितलं. नर्स लिहीत राहिल्या.

नर्स गेल्यावर आजींचा पारा चढला.

"फळ पायाशी आलं तरी तू ढिम्म हलली नाहीस. जमीनदारीण बसते तशी बसून राहिलीस. आईबापांनी हेच शिकवलं का गं तुला?"

"चुकलं, आजी."

"जा आता. तोंड दाखवू नकोस."

बारा दिवस आजींनी फोन उचलला नाही. पत्त्यांच्या बाकावरून बांगबाई गेल्या तर आजी पानांत डोकं घालायच्या. बाकीच्या तिघींनी बातमी गावभर केली होती. बाजारात एक ओळखीची बाई मुळा निवडता निवडता म्हणाली, "काय हो, म्हाताऱ्यांना सुरी द्यायचं काम पण तुमच्या केंद्रात करतात वाटतं?" बांगबाईंनी ऐकून घेतलं. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, आणि बाईचं म्हणणं तसं चूकही नव्हतं.

चोवीस तारखेला पत्र आलं. बांगबाईंनी ते केंद्रात उभ्यानं वाचलं, रेहानाला वाचायला दिलं, तिच्या हातून घेऊन पुन्हा वाचलं आणि तडक निघाल्या.

दार उघडं होतं. आजी खिडकीशी बसल्या होत्या. पत्राकडे पाहून म्हणाल्या, "वाच."

"रोज सात तास. आठवड्याचे सहा दिवस. मुलाला मी आताच कळवलंय. तो म्हणाला, मग राहू दे घर."

 आजींनी हातानंच डोळे पुसले.

"कोण येणार?"

"चुनह्वा नावाची आहे. चीनमधल्या येनब्येनची, पण आपलीच, कोरियनच बोलते. सोमवारी नऊला येईल."

"म्हणजे रविवारी मला फरशी पुसून घ्यायला हवी."

"आजी."

"अगं, परकी बाई घरात येणार—"

"आजी, फरशी पुसायलाच येणार आहे ती. तुम्ही पुसून ठेवलीत तर ती सात तास काय तुमचं तोंड बघत बसेल?"

आजींना हसू आलं. ते लपवायला त्या उठल्या, टेबलापाशी गेल्या. टोपलीत एकच नाशपाती उरली होती. त्यांनी ती घेतली, सुरी घेतली. बांगबाईंचे हात सवयीनं पुढे आले आणि मध्येच थांबले. आता घ्यावं की न घ्यावं, त्यांना कळेना. बारा दिवसांपूर्वीची चूक कोणती आणि आजची कोणती?

आजींनी फळ आणि सुरी दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"मला जमत नाही गं," त्या म्हणाल्या. "तू सोल."

बांगबाईंनी नाशपाती सोलली. साल एकसंध, लांबलचक निघाली. पहिली फोड त्यांनी आजींच्या तोंडाशी धरली, आणि आजींनी ती खाल्ली.