येते म्हण

ऑफिसात फरशी पुसल्यावर फिनेलचा वास आला की मला हॉस्पिटलातला तो थंड, लांबलचक कॉरिडॉर आठवतो. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. घरातून निघताना 'जाते' नको, 'येते' म्हणावं, असं आमच्या येरवड्यातल्या शेजारच्या काकू सारख्या टोकायच्या, तेव्हा बाबा म्हणायचे, "जाणारा माणूस जातो असंच म्हणणार. परत आला की आलो म्हणेल." आईला हृदयाच्या ऑपरेशनसाठी आत नेत होते, त्या सकाळी तिने स्ट्रेचरवरून नेहमीच्याच सुरात सांगितलं, "जाते हं." बाबांनी स्ट्रेचरची दांडी धरली आणि ती सोडेनात. नर्स म्हणाली, "काका, डॉक्टर थांबलेत." बाबांचं लक्षच नव्हतं. "येते म्हण," ते आईला म्हणाले. आई हसली. "अहो, तुम्ही सांगताय हे?" "म्हण तू." "बरं, येते," ती म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी हात काढला. आई आली नाही. शब्दाने माणूस परत येत नाही, याचा पुरावा आता आमच्या घरातच आहे. तरी रोज सकाळी खराडीच्या ऑफिसला निघताना मी दारातून "येते" म्हणते, आणि मी म्हणेपर्यंत बाबा पेपरचं पान उलटत नाहीत.